उशिरा दिसणे म्हणजे अदृश्य होणे नव्हे

नांदेड-लातूरकडच्या शिकवणी वर्गांत, महाविद्यालयांच्या विज्ञान मंडळांत आणि वसतिगृहांच्या गप्पांत एक मत इतके सर्रास ऐकू येते, की त्याला प्रस्थापित मत म्हणायला हरकत नाही. ते असे : 'स्टेल्थ' म्हणजे अदृश्य होण्याची विद्या. वंडर वुमनचे पारदर्शक विमान, बॅटमॅनची काळीकुट्ट गाडी, 'अव्हेंजर्स'मधले आकाशात विरून जाणारे जहाज ही त्याच विद्येची पुढची पायरी आहे. निम्मी विद्या अमेरिकेच्या हाती आलीच आहे, उरलेली दहा-वीस वर्षांत येईल. या मताची एक देशी शाखाही आहे. ती म्हणते, पुढे कशाला बघता, हे सगळे आपल्याकडे पूर्वी होतेच. 'वैमानिक शास्त्र' उघडा, विमान अदृश्य करण्याची रहस्ये त्यात लिहिलेली सापडतील.

याच्या उलट एक तिसरे मत शिक्षकांमध्ये आढळते : सुपरहिरो म्हणजे पोरखेळ, त्यात विज्ञान शोधायला जाऊ नये.

ही तिन्ही मते चुकीची आहेत, असे मला सांगायचे आहे. पहिल्या दोन मतांचे मूळ एकच आहे. अदृश्यता हा वस्तूचा स्वतःचा गुण आहे, तो तिच्या अंगी बाणवता येतो, असे ती दोन्ही धरून चालतात. प्रत्यक्षात दिसणे आणि न दिसणे हा चार गोष्टींमधला हिशेब असतो : कोण पाहतो, कोणत्या लहरीने पाहतो, कोणत्या कोनातून पाहतो आणि किती अंतरावरून पाहतो. या चारांपैकी एकही सोडली, तर 'अदृश्य' या शब्दाला भौतिकशास्त्रात अर्थ उरत नाही.

पूर्वपक्षाची बाजू आधी प्रामाणिकपणे मांडू. स्टेल्थ विमाने खरोखर आहेत आणि ती रडारला चकवतात. 2006 साली अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठात एका तांब्याच्या नळकांड्याभोवती असे आवरण बसवण्यात आले, की सूक्ष्मलहरी त्याला वळसा घालून पुढे गेल्या. 2024च्या नोव्हेंबरमध्ये आयआयटी कानपूरने 'अनालक्ष्य' नावाचे, रडारच्या लहरी शोषून घेणारे आवरण जाहीर केले आणि अनेक ठिकाणी त्याची बातमी 'अदृश्य करणारे कापड' अशी झाली. इतके पुरावे असताना सुपरहिरोचे वाहन अशक्य कसे म्हणायचे, असा प्रश्न कुणाही हुशार विद्यार्थ्याला पडेल. प्रश्न रास्त आहे. म्हणूनच प्रत्येक पुरावा नेमके काय सिद्ध करतो, ते तपासले पाहिजे.

सुरुवात रडारपासून करू. रडार लहर सोडते, ती पसरत पसरत विमानापर्यंत जाते. तिचा काही भाग परततो, तोही पसरत पसरत येतो. जाताना अंतराच्या वर्गाने क्षीण, येताना पुन्हा वर्गाने क्षीण. म्हणजे प्रतिध्वनीची ताकद अंतराच्या चौथ्या घाताने घटते. यातून उलटा निष्कर्ष निघतो : विमान किती अंतरावर सापडेल हे त्याच्या 'रडारला भासणाऱ्या आकारा'च्या चतुर्थमुळावर अवलंबून असते.

या चतुर्थमुळाचा अर्थ आपल्या नकाशावर मांडून पाहा. समजा, नांदेडला एक रडार आहे आणि ते साधे लढाऊ विमान लातूरच्या आकाशात, सरळ रेषेत सुमारे 110 किलोमीटरवर, टिपू शकते. आता अभियंत्यांनी जिवापाड मेहनत करून त्या विमानाचा भासमान आकार दहापट कमी केला. ते विमान कुठे सापडेल? सुमारे 62 किलोमीटरवर, म्हणजे अहमदपूरच्या आसपास. शंभरपट कमी केला तर 35 किलोमीटरवर, लोहा गाठण्याच्या थोडे आधी. दहा हजारपट कमी केला, तरी ते 11 किलोमीटरवर, विष्णुपुरीच्या थोडे पलीकडे सापडणारच. आकार दहा हजारपट घटला आणि अंतर घटले फक्त दहापट.

हेच स्टेल्थचे खरे स्वरूप आहे. ते विमान नाहीसे होत नाही, उशिरा दिसते. लातूरला दिसायचे ते विष्णुपुरीजवळ दिसते आणि तोवर समोरच्याच्या हातातला वेळ निघून गेलेला असतो. युद्धात हा फरक जीवन-मरणाचा आहे, त्याचे मोल मी कमी लेखत नाही. पण अंतर शून्यावर आणायचे तर भासमान आकार शून्य करावा लागेल आणि चतुर्थमुळाचे गणित त्या वाटेवरचे प्रत्येक पाऊल आधीच्यापेक्षा महाग करत जाते. 'निम्मी विद्या आली, निम्मी उरली' हा हिशेब म्हणूनच फसवा आहे. इथे निम्मे असे काही नसतेच.

दुसरा मुद्दा कोनाचा. स्टेल्थ विमान रडारची लहर गिळून टाकते, अशी समजूत आहे. थोडीफार ते गिळतेही, पण मुख्य काम आकार करतो. सपाट पृष्ठे अशी तिरपी बसवलेली असतात, की लहर परत पाठवणाऱ्याकडे न जाता भलतीकडे जाते. कडांवरून लहर कशी विखुरते, याचे गणित सोव्हिएत शास्त्रज्ञ प्योत्र उफिमत्सेव यांनी 1962 साली उघडपणे प्रसिद्ध केले होते. ते वाचून त्याचा उपयोग केला अमेरिकेच्या लॉकहीड कंपनीने. त्यातून घडलेले एफ-117 हे विमान 1981 साली प्रथम उडाले. भलतीकडे गेलेली लहर मात्र नष्ट होत नाही. 'भलतीकडे' दुसरा कान लावून बसलेला ग्राहक असेल, तर त्याला ती ऐकू येते.

तिसरा मुद्दा लहरीचा. 27 मार्च 1999 रोजी सर्बियाच्या सैन्याने एक एफ-117 पाडले. क्षेपणास्त्र होते एस-125 नेवा, साठच्या दशकातल्या बनावटीचे. टेहळणीला मीटरच्या हिशेबातल्या लांब लहरींवर चालणारे जुने रडार होते. काही सेंटिमीटरच्या लहरींसाठी तासलेला आकार मीटरभर लांबीच्या लहरीपुढे तितका उपयोगी पडत नाही, कारण विमानाचे भाग आणि लहर यांची मापे जवळजवळ येतात. जुने यंत्र नव्या विमानाला भारी पडले, यात चमत्कार काही नव्हता. विमान एका लहरीपासून लपवलेले होते आणि पाहणाऱ्याने दुसरी लहर निवडली होती.

उरला डोळा. इथे तर शब्दच दिशाभूल करतो. मुंबईच्या माझगाव गोदीत बांधलेली आणि 15 जानेवारी 2025 रोजी नौदलात दाखल झालेली 'आयएनएस नीलगिरी' ही स्टेल्थ फ्रिगेट आहे. लांबी 149 मीटर. गोदीच्या काठावर उभ्या असलेल्या लहान मुलालाही ती स्वच्छ दिसते. तरीही ती स्टेल्थ आहे, कारण तिच्या बाजू उतरत्या आहेत, डेकवरचा पसारा झाकलेला आहे आणि त्यामुळे दूरच्या रडारला ती तिच्या खऱ्या आकाराहून पुष्कळ लहान भासते. याच्या नेमके उलट उदाहरण मराठवाड्याने 2024च्या पावसाळ्यात अनुभवले. बीड-जालन्याकडच्या गावांवर रात्री ड्रोन घिरट्या घालत असल्याच्या बातम्या येत होत्या आणि गावकरी जागत होते. प्लॅस्टिकचे छोटे ड्रोन आकाश राखणाऱ्या मोठ्या रडारला टिपायला अवघड असते, पण त्याचा मिणमिणता दिवा पारावर बसलेल्या माणसाला दिसतो. जहाज रडारपासून लपते आणि डोळ्याला दिसते. ड्रोन रडारला चकवते आणि डोळ्याला सापडते. यांतले 'अदृश्य' कोणते?

डोळ्यापासून लपण्याचे सुपरहिरोंनी तीन मार्ग दाखवले आहेत : पारदर्शक होणे, काळे होणे आणि प्रकाश परतवणे.

वंडर वुमनचे पारदर्शक विमान 1942 साली चित्रकथेत आले. त्याच्या आधीच, पहिल्या महायुद्धात, जर्मनांनी खरोखरची विमाने 'सेलॉन' नावाच्या पारदर्शक पापुद्र्याने मढवून पाहिली होती. पापुद्रा उन्हात चकाकला आणि विमान लपण्याऐवजी उठून दिसले. शिवाय ऊन-पावसात तो ढिला पडायचा. चकाकण्याचे कारण बारावीच्या पुस्तकात आहे. काचेचा अपवर्तनांक सुमारे 1.5 आणि हवेचा जवळपास 1 असल्यामुळे काचेच्या प्रत्येक पृष्ठावरून सरळ पडणाऱ्या प्रकाशाचा सुमारे 4 टक्के भाग परततो, तिरप्या प्रकाशाचा त्याहून जास्त. काच 'दिसते' ती याच परतलेल्या आणि वाकलेल्या प्रकाशामुळे. प्रयोगशाळेतली बोरोसिलिकेट काचेची कांडी ग्लिसरीनमध्ये बुडवा, ती डोळ्यांदेखत नाहीशी होते, कारण दोघांचा अपवर्तनांक 1.47च्या जवळ आहे. म्हणजे पारदर्शकता पुरेशी नाही, भोवतालाशी अपवर्तनांक जुळला पाहिजे. हवेशी जुळणारा घन पदार्थ म्हणजे जवळजवळ हवाच. 'एरोजेल' त्याच्या आसपास जाते, पण तेही प्रकाश विखुरते आणि निळसर धुरासारखे दिसते. हे सगळे साधले, तरी आत बसलेली वंडर वुमन दिसतेच, हे चित्रकारांनी प्रामाणिकपणे रेखाटले आहे.

बॅटमॅनचा काळा रंग रात्री ठीक वाटतो, पण आकाश क्वचितच पूर्ण काळे असते. उजळ आकाशापुढची गडद वस्तू सर्वांत लवकर नजरेत भरते. 1943 साली अमेरिकी नौदलाने याचा उलटा उपाय केला. पाणबुड्यांवर चाल करणाऱ्या ॲव्हेंजर जातीच्या विमानाच्या पुढच्या कडांवर दिवे बसवले आणि त्यांचा उजळपणा मागच्या आकाशाशी जुळवला. 'येहुदी दिवे' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या प्रयोगात विमान दिसण्याचे अंतर सुमारे 19 किलोमीटरवरून 3 किलोमीटरवर आले. लपण्यासाठी प्रकाश वाढवावा लागला, ही गोष्ट नीट लक्षात ठेवावी. तिचा उपयोग लगेचच आहे.

कारण आता 'वैमानिक शास्त्रा'कडे वळायचे आहे. हा ग्रंथ अनेकलच्या पंडित सुब्बराय शास्त्री यांनी 1918 ते 1923 या काळात सांगितला आणि तो लिहून घेण्यात आला. भरद्वाज ऋषींच्या नावावर तो चालतो. शिवकर बापूजी तळपदे यांनी 1895 साली मुंबईच्या चौपाटीवर विमान उडवल्याची कथा महाराष्ट्रात त्याला जोडूनच सांगितली जाते. जानेवारी 2015मध्ये मुंबईत भरलेल्या भारतीय विज्ञान काँग्रेसमध्ये प्राचीन विमानविद्येवर निबंध वाचला गेला आणि या मताला नवा जोर आला. त्याच्या चार दशके आधी, 1974 साली, बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या एच. एस. मुकुंद, एस. एम. देशपांडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हा ग्रंथ तपासला होता. त्यांनी टवाळी केली नाही, वर्णन आणि आकृत्या घेऊन यांत्रिकीचे नियम लावले. निष्कर्ष असा, की त्यातली विमाने उडण्याजोगी नाहीत आणि ग्रंथ विसाव्या शतकाच्या आरंभापलीकडे मागे जात नाही.

त्यांनी उड्डाण तपासले, आपण लपणे तपासू. ग्रंथातल्या बत्तीस रहस्यांत 'गूढ' नावाचे रहस्य आहे. सूर्यकिरणांतला तमोभाग खेचून घ्यावा आणि त्याच्या योगाने विमान शत्रूपासून झाकावे, असा त्याचा आशय. तम हा किरणात मिसळलेला वेगळा करता येण्याजोगा पदार्थ नाही; अंधार म्हणजे प्रकाशाचा अभाव. पण क्षणभर मानू, की कसे का होईना, विमानाभोवती अंधार गोळा केला. तर काय होईल? भर दिवसा निळ्या आकाशात एक काळा गोळा दिसेल आणि तो उघड्या विमानापेक्षा दुरून ओळखू येईल. 1943च्या प्रयोगाने नेमके हेच दाखवले. 'अदृश्य' नावाच्या दुसऱ्या रहस्यात पांढरे आवरण सांगितले आहे. ते ढगात चालेल, निरभ्र आकाशात नाही. कोणापासून, किती अंतरावरून, कोणत्या पार्श्वभूमीवर, यांतला एकही प्रश्न ग्रंथ विचारत नाही. ज्याने खरोखर विमान लपवून पाहिले असेल, त्याला पहिल्याच दिवशी हे प्रश्न पडले असते.

यात पूर्वजांचा अपमान नाही. त्यांच्या खऱ्या कामाचा मान राखायचा तर न केलेले काम त्यांच्या नावावर घालू नये. अभिमान हवा असेल तर तो जगदीशचंद्र बोस यांच्या कामात आहे. त्यांनी 1898 साली पीळ दिलेल्या तागाच्या जुड्यांतून विद्युतलहरी सोडून त्यांची ध्रुवण दिशा फिरवून दाखवली. लहरींना हवे तसे वळवणारी रचना माणसाने मुद्दाम घडवावी, ही आजच्या 'मेटामटेरियल'मागची कल्पना त्यात बीजरूपाने आहे.

त्याच मेटामटेरियलच्या आवरणाने ड्यूकमध्ये लहरी वळवल्या. पण किती? ते नळकांडे काही सेंटिमीटरचे होते, लहर एका विशिष्ट वारंवारितेच्या आसपासची होती आणि तरीही लपणे अपुरेच होते. यातली अडचण कौशल्याची नाही, नियमाची आहे. वस्तूला वळसा घालणाऱ्या लहरीला सरळ जाणाऱ्या लहरीपेक्षा लांबचा रस्ता पडतो आणि तरी तिला त्याच वेळी पलीकडे पोचायचे असते. एकाच वारंवारितेच्या अखंड लहरीच्या बाबतीत हे साधता येते, कारण तिथे फक्त कला जुळवायची असते. अनेक वारंवारिता एकत्र आल्या, म्हणजे खरा प्रकाश, खरी हालचाल आली, की त्या सगळ्यांना प्रकाशापेक्षा वेगाने धावावे लागेल. तिथे सापेक्षता आड येते. वस्तू जितकी मोठी, तितका चालणारा पट्टा अरुंद.

या कसोटीवर आपलाच एक नायक चांगला उतरतो. 1987च्या 'मिस्टर इंडिया'त अदृश्य झालेला माणूस लाल प्रकाशात दिसतो. कथेची ती सोय होती, पण भौतिकशास्त्र तिच्या बाजूने उभे राहते : कोणतेही आवरण कुठल्या तरी रंगात उघडे पडणारच. याउलट 2012च्या 'अव्हेंजर्स'मधल्या महाकाय जहाजाच्या 'रेट्रो-रिफ्लेक्शन' पाट्या. आलेला प्रकाश आल्या वाटेने परत पाठवणे हा त्या शब्दाचा अर्थ आहे. नांदेड-लातूर रस्त्यावरच्या फलकांवर तेच तंत्र असते आणि ते फलक रात्री ठळक दिसावेत म्हणूनच असते. रडारपुढे असे करणे म्हणजे स्वतःहून पत्ता देणे. म्हणून स्टेल्थचा आराखडा करणारे आतल्या बाजूचे काटकोन कटाक्षाने टाळतात.

आता मंडन. सुपरहिरोच्या लपणाऱ्या वाहनात विज्ञान नाही, असे तिसरे मत म्हणते. मी म्हणतो, भरपूर आहे. मात्र ते वाहन सिनेमातल्यासारखे दिसणार नाही. बॅटमॅनसारख्या श्रीमंत आणि हुशार माणसाने लातूर जिल्ह्यात लपून फिरणारी गाडी बांधायची ठरवली, तर तो काय करील? पहिले, तो जमिनीवरच राहील. सुमारे 50 मीटर उंचीवरची वस्तूही पृथ्वीच्या गोलाईमुळे जमिनीवरच्या रडारला तीसेक किलोमीटरपलीकडे दिसत नाही. गाडीला तर बालाघाटची एखादी टेकडी पुरते. दुसरे, तो वेग आवरेल, कारण जमिनीच्या गोंगाटातून रडार हलती वस्तू तिच्या वेगावरूनच वेगळी काढते. तिसरे, तो उष्णतेचा विचार करील. इंजिनातून ज्वाळा फेकणारी गाडी अवरक्त कॅमेऱ्याला कोसभर अंतरावरून हाक मारते. 2011 साली बीएई सिस्टिम्सने 'अडॅप्टिव्ह' नावाच्या षट्कोनी फरशा दाखवल्या. त्या तापवून-थंड करून रणगाड्याचे अवरक्त रूप साध्या मोटारीसारखे करता येते. सुपरहिरोच्या गाडीच्या सर्वांत जवळ पोचलेले हे तंत्र आहे आणि ते वस्तूला नाहीसे करत नाही, तिला दुसरी कुणीतरी भासवते. चौथे, तो वेळ निवडील. लातूरच्या मे महिन्यात जमीन माणसाच्या अंगापेक्षा दुपारी तापलेली असते आणि रात्री थंड. मधल्या काही काळात दोन्हींचे तापमान जुळते आणि अवरक्त चित्रातून माणूस पुसट होतो. भोवतालाशी जुळणे हाच नियम पुन्हा, ग्लिसरीनमधल्या काचेचा आणि येहुदी दिव्यांचा.

एक आक्षेप उरतो : आज अशक्य वाटते ते उद्या शक्य होते, विमानालाही लोक अशक्यच म्हणत होते. हे उत्तर ऐकायला छान, पण तर्काला अपुरे. हवेपेक्षा जड वस्तू उडू शकते हे पक्षी रोज दाखवत होते. निसर्गाचा कोणताही नियम विमानाच्या आड नव्हता, हलके आणि दमदार इंजिन नव्हते. सर्व लहरींत, सर्व बाजूंनी, सर्व अंतरांवरून मोठी वस्तू लपवणे मात्र प्रकाशाच्या वेगाच्या मर्यादेवर आदळते. आणखी एक पेच असा : परिपूर्ण आवरणाच्या आत बाहेरचा प्रकाश पोचतच नाही. पाहण्यासाठी प्रकाश शोषावा लागतो आणि जो प्रकाश शोषतो तो सावली टाकतो. म्हणजे पुरता अदृश्य झालेला चालक पुरता आंधळाही असेल. साधनांची उणीव आणि नियमाची आडकाठी यांतला हा फरक ज्याला कळतो, तो 'उद्या होईल' असे सरसकट म्हणत नाही आणि 'कधीच होणार नाही' असेही सरसकट म्हणत नाही.

लातूर पॅटर्नने हजारो मुलांना अपवर्तनांकाची उदाहरणे वेगाने सोडवायला शिकवले. त्याच अपवर्तनांकाने वंडर वुमनचे विमान तपासता येते, व्यस्त वर्गाच्या नियमाने नांदेडचे काल्पनिक रडार मांडता येते आणि ग्रंथातले 'गूढ' रहस्यही पारखता येते, हे त्यांना कुणी सांगत नाही. सुपरहिरोला वर्गाबाहेर ठेवणारे शिक्षक ही संधी घालवतात आणि रिकाम्या जागेत मग 'आपल्याकडे होतेच' हे उत्तर येऊन बसते. अदृश्य वाहनाची बातमी, चित्रपट किंवा ग्रंथ पुढे आला, की विद्यार्थ्याने चार प्रश्न विचारावेत : कोणापासून? कोणत्या लहरीत? कोणत्या बाजूने? किती अंतरावर? उत्तरे मिळाली तर ते विज्ञान आहे, मग सांगणारा परदेशी असो की आपला. मिळाली नाहीत तर ती कथा आहे. कथेला कथा म्हणून आनंदाने वाचावे, पण परीक्षेत तिला विज्ञानाचे गुण देऊ नयेत.